अक्षयनीवी, अथवा मुद्दल न मोडतां चालणारा धर्म

अलीकडे 'टिकाऊ विकास' हा शब्दप्रयोग सर्वांच्या तोंडीं झाला आहे. इ. स. १९८७ मध्यें संयुक्त राष्ट्रांनीं नेमलेल्या ब्रुंटलँड आयोगाचा अहवाल प्रसिद्ध झाला, आणि पुढील पिढ्यांच्या गरजांस बाध न आणतां आजच्या गरजा भागविणें हा अर्थ तेव्हांपासून रूढ झाला. व्यापारउद्योग असा टिकाऊ व्हावयाचा तर त्यास अध्यात्माचें अधिष्ठान पाहिजे, असेंही त्याबरोबर आवर्जून सांगण्यांत येतें. हें सांगणें आम्हांस मान्य आहे. परंतु त्या अधिष्ठानानें पेढीवर, मागावर आणि वहींत नेमकें काम कोणतें करावयाचें, हा प्रश्न बहुधा तसाच राहतो. या प्रश्नाचें एक जुनें उत्तर आपल्या नाशिकच्या लेण्यांत कोरलेलें आहे. तें आंकड्यांनिशीं दिलेलें असल्यामुळें आज कोणासही पडताळून पाहतां येतें. प्रस्तुत लेखांत त्या उत्तराचा विचार करण्याचें योजिलें आहे.

त्या उत्तराचें नांव 'अक्षयनीवी'. संस्कृत काव्यें वाचणारांस 'नीवी' हा शब्द स्त्रियांच्या वस्त्राची कमरेची गांठ या अर्थानें परिचित असतो. अमरसिंहाच्या कोशांत त्याचा दुसराही अर्थ आहे, तो व्यापाराचें मूळधन. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत आय आणि व्यय यांची वजावाट होऊन जी शिल्लक राहते तीस नीवी म्हटलें आहे. गांठ, मूळधन आणि शिल्लक हे अर्थ वरवर दूरचे वाटतात. पण जी सुटूं द्यावयाची नाहीं ती नीवी, हा भाव आमच्या मतें तिहींत समान आहे. त्यास 'अक्षय' हें विशेषण लागलें म्हणजे व्यवहार ठरून जातो: मुद्दलास कधीं हात लावावयाचा नाहीं, त्याचें व्याज मात्र नेमलेल्या कामीं निरंतर खर्चावयाचें.

नाशिकजवळच्या त्रिरश्मि डोंगरावरील, म्हणजे आज पांडवलेणीं या नांवानें प्रसिद्ध असलेल्या समूहांतील, दहावें लेणें क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई आणि दीनीकाचा पुत्र उषवदात यानें कोरविलें. तेथील लेख भगवानलाल इंद्रजी यांनीं मुंबई गॅझेटियराच्या नाशिक भागांत, पुढें सेनार यांनीं एपिग्राफिया इंडिकाच्या आठव्या खंडांत, आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं सातवाहन व पश्चिमी क्षत्रप यांवरील आपल्या मराठी ग्रंथांत विवरिले आहेत. त्यांपैकीं जो लेख आम्हांस येथें प्रस्तुत आहे, तो वर्ष ४२ च्या वैशाख मासाचा उल्लेख करितो. हें वर्ष शककालाचें मानिल्यास इ. स. १२० येतें, तें नहपानाचें राज्यवर्ष मानणारेही विद्वान् आहेत. त्या वादानें आमच्या विषयास बाध येत नाहीं.

लेखाचा आशय असा. उषवदातानें लेणें चातुर्दिश संघास दिलें आणि त्यासोबत ३००० कार्षापणांची अक्षयनीवी दिली. ही रक्कम त्यानें संघाच्या हातीं ठेविली नाहीं. गोवर्धन येथें राहणाऱ्या कोष्ट्यांच्या एका श्रेणीकडे २००० कार्षापण शेंकडा एक प्रतिक व्याजानें, आणि कोष्ट्यांच्याच दुसऱ्या श्रेणीकडे १००० कार्षापण शेंकडा पाऊण प्रतिक व्याजानें ठेविले. हें मुद्दल परत द्यावयाचें नाहीं, केवळ त्याची वृद्धि उपभोगावयाची, असें स्पष्ट म्हटलें आहे. पहिल्या रकमेच्या व्याजांतून लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरासाठीं मिळावयाचे. दुसऱ्या रकमेचें व्याज 'कुशणमूल' म्हणून खर्चावयाचें. या शेवटच्या शब्दाच्या अर्थाविषयीं एकमत नाहीं. भिक्षूंच्या इतर किरकोळ गरजांची ती नेमणूक असावी, असें आम्हांस वाटतें.

आतां वाचकांनीं आमच्याबरोबर थोडी त्रैराशिकाची तसदी घ्यावी. व्याज दरमहाचें धरिलें तर २००० कार्षापणांवर शेंकडा एक प्रमाणें महिन्यास २० आणि वर्षास २४० कार्षापण होतात. वीस भिक्षु, प्रत्येकीं बारा, एकूण २४०. एकही नाणें उरत नाहीं आणि एकही कमी पडत नाहीं. व्याजाचा दर मासिक होता आणि प्रतिक म्हणजे कार्षापणच होय, या दोन्ही गोष्टी या मेळावरूनच सिद्ध होतात. दुसऱ्या ठेवीचें वार्षिक व्याज ९० येतें. याच लेखांत पुढें देव व ब्राह्मण यांस दिलेल्या ७०,००० कार्षापणांचा उल्लेख आहे. ३५ कार्षापणांचा एक सुवर्ण या भावानें त्याचे २००० सुवर्ण होतात, हेंही तेथेंच नमूद केलें आहे. दान देणारा श्रद्धेनें देत होता. तथापि त्यानें पहिल्यानें गरज मोजली, गरजेवरून व्याज काढिलें, आणि व्याजावरून मुद्दल ठरविलें. भिक्षूस बारा कार्षापणांचें वस्त्र पुरे, ही मर्यादा या हिशेबाच्या मुळाशीं आहे. मर्यादा ठरली म्हणून मुद्दल ठरूं शकलें. गरजेस सीमाच नसती तर कोणतेंही मुद्दल अक्षय राहिलें नसतें.

व्याजाचा दरही विचार करण्याजोगा आहे. कौटिल्य शेंकडा सव्वा पण हें मासिक व्याज धर्म्य म्हणतो. व्यापाऱ्यांच्या व्यवहारास पांच, रानावनांतून जाणारांस दहा आणि समुद्रावर जाणारांस वीस, असे चढते दर तो देतो. मुद्दलाचा ऐंशिवा भाग दरमहा, हें स्मृतिकारांचें प्रमाणही सव्वाच भरतें. गोवर्धनच्या कोष्ट्यांकडून घेतलेले दर एक आणि पाऊण, म्हणजे धर्म्य दराहूनही उणे आहेत. ठेव बुडूं नये म्हणून दात्यानें लाभ आंवरून धरिला, असा याचा अर्थ आम्ही करितों. श्रेणीच्या बाजूनें पाहतां तिला सूत, रंग आणि माग यांसाठीं हलक्या व्याजाचें, परत न मागितलें जाणारें भांडवल मिळालें. भिक्षूंचें वस्त्र आणि कोष्ट्यांचा धंदा एकमेकांच्या आधारानें उभे राहिले. धर्मादाय म्हणजे धंद्यांतून काढून घेतलेलें धन, अशी आजची सामान्य समजूत आहे. येथें तें धन धंद्यांतच नांदत होतें.

मात्र केवळ श्रद्धेच्या भरंवशावर हा व्यवहार सोडलेला नाहीं. एक तर ठेव दोन श्रेणींत विभागली आहे; एक बसली तरी दुसरी उभी राहावी हा हेतु उघड दिसतो. दुसरें, हें सर्व निगमसभेंत श्रवण करविलें आणि चरित्राप्रमाणें, म्हणजे रूढ पद्धतीनें, फलकावर नोंदविलें, असें लेखांत सांगितलें आहे. तिसरें, त्यावर कळस म्हणून तो सर्व व्यवहार डोंगराच्या कातळांत कोरविला, जेथें भिक्षु, कोष्टी आणि वाटसरू या सर्वांची दृष्टि त्यावर पडावी. धर्मशास्त्रानेंही या बाजूकडे दुर्लक्ष केलेलें नाहीं. गणाचें द्रव्य हरण करणाऱ्याचें अथवा संविद्, म्हणजे समूहाचा करार, मोडणाऱ्याचें सर्वस्व हरण करून त्यास राष्ट्राबाहेर घालवावें, असें याज्ञवल्क्य सांगतो. याच स्मृतीवर उत्तर कोंकणच्या शिलाहार अपरादित्यानें बाराव्या शतकांत आपली टीका रचिली. बृहस्पतीच्या उपलब्ध वचनांत तर सभा, पाणपोया, देवळें, तळीं आणि बागा यांची डागडुजी व अनाथांस साह्य, हीं समूहानें करार करून पत्करावयाचीं कामें म्हणून गणिलीं आहेत. नवें बांधण्याइतकेंच जुनें राखणें हें धर्मकार्य होय, ही दृष्टि यांत स्पष्ट आहे.

उषवदातानें सर्व भार नाण्यांवरच टाकिला नाहीं. कापूर आहारांतील चिखलपद्र गांवीं त्यानें ८००० नारळी दिल्या. त्यांची गणना करितांना लेखांत 'मूल' हा शब्द आहे. झाडाचें मूळ आणि धनाचें मूळ यांस एकच शब्द असावा, हें शब्दशास्त्राच्या अभ्यासकांस नवीन नाहीं. परंतु नारळीचें दान हेंही एका अर्थीं अक्षयनीवीच होय. फळ घ्यावें, झाड तोडूं नये. दुसऱ्या लेखांत ४००० कार्षापण देऊन अश्विभूति नांवाच्या ब्राह्मणाकडून विकत घेतलेल्या शेताचा उल्लेख आहे; त्याच्या उत्पन्नांतून लेण्यांतील भिक्षूंस अन्न मिळावयाचें होतें. शेत राजबळानें काढून न घेतां मोल देऊन घेतलें, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. वस्त्रासाठीं नाणें, अन्नासाठीं शेत आणि जोडीला झाडें, अशी ही त्रिविध योजना झाली.

हा प्रघात एका दात्याचा अथवा एका पंथाचा नव्हता. आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळीं विष्णुदत्ता नांवाच्या उपासिकेनें त्रिरश्मीवरील आजारी भिक्षूंच्या औषधांसाठीं गोवर्धनच्या श्रेणींकडे ठेवी ठेविल्या. त्यांत कुलरिक, पाण्याचीं यंत्रें करणारे ओदयंत्रिक आणि तेल गाळणारे तिलपिषक यांच्या श्रेणी आहेत. मथुरेच्या वर्ष २८ च्या हुविष्ककालीन लेखांत ११०० पुराणांची नीवी दोन श्रेणींत निम्मी निम्मी ठेविलेली आहे. तिच्या व्याजांतून दरमहा शंभर ब्राह्मणांस भोजन आणि भुकेल्या-तहानेल्यांसाठीं नित्य पुण्यशाळेच्या दाराशीं सातू, मीठ व हिरवी भाजी ठेवावयाची होती. सांचीच्या गुप्त वर्ष १३१ च्या लेखांत हरिस्वामिनी नांवाच्या उपासिकेनें बारा दीनारांच्या व्याजावर एका भिक्षूच्या नित्य भोजनाची सोय लाविली आहे. बारा दीनारांची नीवी आणि ७०,००० कार्षापणांचें दान या दोहोंच्या नोंदी आज सारख्याच आदरानें वाचल्या जातात.

यांपैकीं एका लेखाचें वैशिष्ट्य विशेष सांगितलें पाहिजे. उत्तर प्रदेशांतील बुलंदशहर जिल्ह्यांतल्या इंदोर गांवीं (हें माळव्यांतील इंदूर नव्हे) सांपडलेला स्कंदगुप्ताच्या काळचा ताम्रपट गुप्त वर्ष १४६ चा, म्हणजे इ. स. ४६५ च्या सुमाराचा आहे. देवविष्णु ब्राह्मणानें सूर्यमंदिराच्या दिव्यासाठीं तेल्यांच्या श्रेणीकडे ठेव ठेविली. जीवंत हा त्या श्रेणीचा प्रमुख होता. श्रेणीनें नित्य दोन पळें तेल द्यावयाचें. आणि ती हें गांव सोडून अन्यत्र गेली तरी, जोंवर तिची एकी आहे तोंवर, हें देणें तिजकडे राहावयाचें. येथें दोन गोष्टी साधल्या. देणें नाण्यांत न ठरवितां तेलांत ठरविल्यामुळें नाण्याचा कस उतरला तरी दिव्याचें तेल उणें होत नाहीं. आणि बंधन स्थळाशीं न बांधतां माणसांच्या एकीशीं बांधिलें. श्रेणी स्थलांतर करीत हें मंदसोरच्या प्रसिद्ध प्रशस्तीवरून ठाऊकच आहे. लाट देशांतून दशपुरास आलेल्या पट्टवायांच्या श्रेणीनें मालव संवत् ४९३ मध्यें सूर्यमंदिर उभारिलें, आणि तें मोडकळीस आलें तेव्हां संवत् ५२९ मध्यें त्याच श्रेणीनें त्याचा जीर्णोद्धार केला. त्या श्रेणींतील कोणी धनुर्विद्येकडे, कोणी ज्योतिषाकडे वळले होते. तरी मंदिराची जबाबदारी श्रेणीनें आपलीच मानिली.

आतां याची दुसरी बाजू. श्रद्धेनें दिलेलें सर्वच टिकलें असें म्हणणें सत्यास सोडून होईल. नहपानाची सत्ता गौतमीपुत्र सातकर्णीनें मोडिली, इ. स. १९०६ मध्यें नाशिक जिल्ह्यांत जोगलटेंभी येथें सांपडलेल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर त्यानें आपला ठसा पुन्हां उठविलेला आहे. आपल्या राज्यवर्ष १८ मध्यें त्यानें पूर्वी उषवदाताकडे असलेलें पश्चिम कखडी गांवचें २०० निवर्तनें शेत त्रिरश्मीवरील भिक्षूंस दिलें, आणि तशी आज्ञा गोवर्धनच्या अमात्यास पाठविली. पुढें सहा वर्षांनीं, वर्ष २४ मध्यें, राजा आणि राजमाता यांची दुसरी आज्ञा निघाली. तिच्यांत सरळ कबुली आहे कीं, तें शेत कोणी कसीत नाहीं आणि गांवांत वस्तीही नाहीं. म्हणून त्याऐवजीं नगराच्या सीमेवरील राजाच्या स्वतःच्या जमिनींतून १०० निवर्तनें द्यावींत.

या दोन आज्ञा एकत्र वाचाव्यात अशी आमची विनंति आहे. पहिलें दान आकारानें दुप्पट होतें आणि फळानें शून्य ठरलें. कारण नांगर धरणारे हात त्याला नव्हते. ज्या मुद्दलामागें राबणारा नाहीं तें कागदावर अक्षय असूनही निष्फळ असतें. दुसरें दान निम्मेंच, पण वस्तीजवळचें. राजाज्ञा निष्फळ झाल्याचें दगडावर कोरून ठेवण्यांत त्या मायलेंकांस कमीपणा वाटला नाहीं, हें आम्हांस मोठ्या दानाहूनही मोठें वाटतें. दिलेल्या दानाची सहा वर्षांनीं चौकशी करणें आणि तें सुधारणें, हेंही धर्माचेंच अंग आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, यांत अध्यात्म कोठें आलें? उषवदात हा लढवय्या सत्ताधीश; त्याचीं दानें कीर्तीसाठीं आणि नव्या प्रदेशांत जम बसविण्यासाठीं असतील. हा हेतु नव्हता असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु कीर्तीची हौस एका दिवसाच्या भोजनानेंही भागते. तीस मुद्दल कायमचें सोडून देण्याची गरज नसते. या लेखांवरून धर्मबुद्धीचीं तीन कामें दिसतात. धन्याकडून मुद्दलावरचा हक्क सोडविणें हें पहिलें. गरजेस मर्यादा घालणें हें दुसरें. आणि ज्यांस आपण पाहणार नाहीं, ज्यांचा पंथ वा प्रांत आपणांस ठाऊक नाहीं, अशा चारी दिशांच्या उद्यांच्या माणसांस आजच्या जमाखर्चांत वांटेकरी करणें हें तिसरें. हीं तीन कामें बाजारभावानें होत नाहींत. उलट, मुद्दल सांभाळणें, व्याज काढणें आणि नोंद ठेवणें हीं कामें नुसत्या भक्तीनें होत नाहींत. त्यांस श्रेणी, सभा आणि फलक लागतात. दोहोंची सांगड जेथें बसली तेथें दिवा तेवत राहिला. एक कमी पडलें तेथें कखडीचें शेत झालें.

आजच्या व्यवहारांतही या दोन्ही बाजू ओळखूं येतात. इ. स. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमानें, जो आतां महाराष्ट्राच्या नांवानें चालतो, विश्वस्तनिधींची नोंदणी व हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे सक्तीचे केले. निगमसभेच्या फलकाचें तें आधुनिक रूप म्हणतां येईल. इ. स. २०१३ च्या कंपनी अधिनियमाच्या कलम १३५ प्रमाणें ठराविक मर्यादेवरील कंपन्यांनीं मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे निदान दोन टक्के समाजकार्यास खर्चावयाचे असतात. ही तरतूद स्तुत्य आहे. पण तिचा रोख वार्षिक खर्चावर आहे. नफा उरला तर धर्म, असा तिचा क्रम आहे. नीवीचा क्रम निराळा: धर्माचें मुद्दल आधीं बाजूस काढून तेंच धंद्यास लावावयाचें. नद्या, रानें आणि जमिनीची सुपीकता हीं तर कोणीही नव्यानें निर्माण केलेलीं मुद्दलें नव्हेत. तीं आपणांस ठेवीदाखल मिळालेलीं आहेत. त्यांचें व्याज किती आणि आपण खातों तें व्याज कीं मुद्दल, हा हिशेब मांडल्यावांचून टिकाऊपणाची भाषा करणें म्हणजे नोंदीवांचून नीवी ठेवणें होय.

शेवटीं आमच्या संग्राहक बंधूंस एक विनंति. आपल्याकडील पेढ्यांच्या वह्यांत धर्मादायाचें खातें स्वतंत्र असे. देवस्थानांच्या दप्तरांत नंदादीप, वर्षासन, अन्नछत्र, घाटाची डागडुजी यांच्या नेमणुका वर्षानुवर्ष लिहिलेल्या असतात. पोथी सांपडली म्हणजे आपण ती रुमालांत बांधून ठेवितों. तिच्याबरोबरची किर्द, खतावणी अथवा नेमणुकीची यादी मात्र रद्दींत जाते. पोथीची दुसरी प्रत अन्यत्र मिळण्याची आशा असते. वहीची प्रत सहसा एकच असते. एखाद्या गांवचा दिवा कोणत्या मुद्दलावर, कोणाच्या हातून, किती वर्षें तेवला आणि कोणत्या वर्षीं विझला, हें त्या वहीवांचून कळण्यास दुसरें साधन नाहीं. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं निदान त्यांतील मुद्दल, व्याजाचा दर, ठेव कोणाकडे आणि खर्च कशाकडे, एवढ्या चार रकान्यांची टांचणें करून मंडळाकडे पाठवावींत. गोवर्धनच्या कोष्ट्यांच्या नीवीशीं ताडून पाहण्यास मराठी काळाची तितकीच स्पष्ट सामग्री त्यांतून उभी राहील.